सीईटी एकाच पेपरवर घ्यावी की शिफ्टमध्येच बरी?

धरमपेठकर: मुलीने पीसीएम ग्रुपची (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा दिली. ती बऱ्याच शिफ्टमध्ये होते, दर शिफ्टला वेगळा पेपर. रिस्पॉन्स शीटवरून (तिने दिलेल्या उत्तरांच्या नोंदीवरून) मार्क मोजले, तर वेगळ्या शिफ्टमधल्या मैत्रिणीला हिच्यापेक्षा कमी मार्क आणि पर्सेंटाइल जास्त! माझं स्पष्ट मत आहे, मेडिकलच्या नीट परीक्षेसारखा एकाच दिवशी एकच पेपर घ्या आणि मार्कांवर यादी लावा.

मानेवाड्याचे सर: दादा, नाही पटत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 93 पर्सेंटाइल म्हणजे त्या शिफ्टमधल्या 93 टक्के पोरांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी. मैत्रिणीचा पेपर अवघड निघाला असेल, तिथे सगळ्यांचेच मार्क पडले. नुसत्या मार्कांवर यादी लावली असती तर ती पोरगी विनाकारण मागे गेली असती.

धरमपेठकर: सूत्र कळतं, सर. पण सगळ्या शिफ्टमधली पोरं सारखीच तयारीची, हे त्यात गृहीत धरलंय. ते काऊन मानायचं?

मानेवाड्याचे सर: एकेका शिफ्टला हजारो पोरं बसतात, एवढ्या गर्दीत हुशार-मध्यमचं प्रमाण फारसं हलत नाही. आणि नीटचं म्हणाल तर ती कागदावर होते. 2024 मध्ये तिचा पेपर फुटला तेव्हा देशभरातली पोरं टांगणीला लागली होती. एकच पेपर असला की असं होतं.

वर्धा रोडची आई: तुम्ही शिफ्टवर भांडून राहिले, पण मार्क जातात ते भलतीकडेच. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न, एकेक मार्काचे, वेळ 90 मिनिटं. ती संपली की तो भाग बंद, मागे जाता येत नाही. मग गणिताचे 50 प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, पुन्हा 90 मिनिटं. म्हणजे 200 पैकी 100 मार्क एकट्या गणिताचे, आणि एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. निगेटिव्ह मार्किंग अजिबात नाही, तरी माझा मुलगा गणितातले प्रश्न कोरे सोडून आला. जेईई मेनमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेत, चुकलं की एक मार्क कापतात, दोन वर्षं तीच सवय लावलेली! क्लासवाल्यांनी शेवटच्या महिन्यात तरी सीईटीच्या पद्धतीने सराव घ्यायला नको का?

धरमपेठकर: ताई, तुमचं अगदी खरं. पण माझा मुद्दा सोडत नाही. निदान स्कोअरकार्डावर पर्सेंटाइलशेजारी मार्क आणि त्या शिफ्टला किती पोरं बसली ते छापा.

मानेवाड्याचे सर: त्या मागणीवर मी तुमच्यासोबत सही करतो. एका पेपरच्या मागणीवर मात्र नाही.