मदत हवी आहे: अल्टिमा ऑनलाइनच्या घरगुती सर्व्हरला दुसरा लॅपटॉप जोडला जात नाही

नमस्कार मंडळी,

इथे कुणी अल्टिमा ऑनलाइन (इंटरनेटवर अनेकांनी एकाच जगात खेळायचा जुना खेळ) खेळलेलं आहे का? नसेल, पण नेटवर्कमधलं कळत असेल, तरी कृपया वाचा.

१९९८ ते २००० मी कामानिमित्त डॅलसला होतो. हा खेळ त्याच टेक्सासमधल्या, ऑस्टिनच्या ओरिजिन सिस्टिम्सने सप्टेंबर १९९७ मध्ये आणला होता. रात्री जेवण झालं की फोनची लाइन मोडेमला लावायची आणि खेळातल्या मिनॉक गावाजवळच्या डोंगरात कुदळ मारत बसायचं. माझं पात्र खाणकाम करणारं आणि लोहार. खनिज काढायचं, भट्टीत वितळवायचं, लगडी पाडायच्या आणि त्यातून तलवारी, चिलखतं घडवायची.

परवा मुलीने (आठवीत आहे) विचारलं, "बाबा, तुझी लेव्हल कितवी होती?" या खेळात लेव्हल नव्हतीच. जे काम करत राहाल ते हाताला येत जातं. एका कौशल्यात जास्तीत जास्त १००, आणि सगळ्यांची बेरीज ७०० च्या वर नाही. म्हणजे सातात पारंगत व्हायचं आणि बाकीच्यांवर पाणी सोडायचं. तिने लगेच विचारलं, "मग लोहाराला लढता येत नसेल तर तो डोंगरात एकटा जातो कसा?"

जायचा आणि मरायचा. गावात 'गार्ड्स' असं टाइप केलं की शिपाई येऊन हल्लेखोराला जागच्या जागी मारत. गावाबाहेर कितीही ओरडा, कुणी येत नसे. एकदा दोघांनी मला खाणीच्या तोंडाशी गाठलं. खनिज गेलं, कुदळ गेली, अंगावरचं सगळं गेलं. मेल्यावर तुमचं भूत होतं, पडदा करडा पडतो, आणि तुम्ही काहीही लिहिलंत तरी जिवंत माणसाला नुसतं 'ऊऊऊ' दिसतं. तसाच रस्त्याने निघालो होतो. समोरून आलेला एक अनोळखी खेळाडू थांबला, 'आन कॉर्प' मंत्र टाकून त्याने मला उठवलं, स्वतःजवळची कुदळ दिली आणि निघून गेला. तो माणूस मी आजही विसरलेलो नाही.

२००० साली खेळातल्या या जगाच्या दोन प्रती झाल्या, ट्रॅमेल आणि फेलुका. ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नाही. फेलुकात जुने नियम राहिले. बहुतेक लोक ट्रॅमेलला गेले. रोज लुटलं जाण्याला लोक कंटाळले होते, हे मला मान्य आहे. पण जिथे लुटणाराच नाही तिथे थांबून कुदळ देणाराही भेटत नाही. मुलीला मला ते आधीचं जग दाखवायचं आहे. अधिकृत सर्व्हर अजून चालू आहेत, पण तिथे हे विभाजन आहेच. म्हणून घरच्या पीसीवर सर्व्हयूओ (या खेळाचा सर्व्हर स्वतः चालवायचा प्रोग्राम) बसवलं.

माझ्या पीसीवर सगळं व्यवस्थित चालतं. मुलीच्या लॅपटॉपवर क्लासिकयूओ (ज्यातून खेळतात तो क्लायंट प्रोग्राम) टाकलं, त्यात माझ्या पीसीचा वायफायवरचा पत्ता आणि पोर्ट २५९३ दिलं. नाव-पासवर्ड घेतला जातो, सर्व्हरची यादीही येते. यादीतून निवडलं की मात्र तिथेच अडकतं आणि थोड्या वेळाने जोडणी तुटते. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहिला, फरक नाही. एका व्हिडिओत बघून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पत्ता १२७.०.०.१ टाकला होता, तो तसाच आहे. शनिवारी तिची परीक्षा संपते, तोवर हे चालू व्हावं अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

यादी दिसतेय म्हणजे पोर्ट उघडं आहे, फायरवॉलचा दोष नाही. गोम शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. यादीतून निवड केली की सर्व्हर क्लायंटला सांगतो, 'आता या पत्त्यावर ये.' तुमचा सर्व्हर सांगतोय १२७.०.०.१, आणि तो पत्ता म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं यंत्र. तुमच्या पीसीवर ते खरं ठरतं. लॅपटॉप मात्र स्वतःच्याच आत सर्व्हर शोधत बसतो. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पीसीचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाका आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. राउटरमध्ये तो पत्ता पीसीसाठी कायम करून ठेवा, नाहीतर तो बदलला की पुन्हा हेच होईल.

धागाकर्ता

झालं! मनापासून आभार. पत्ता बदलला आणि पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं. मुलगी आत्ता मिनॉकच्या भट्टीपाशी उभी आहे. तिने लोहारकी नाही घेतली, वैद्यकी घेतली, म्हणाली, "तू मेलास तर उठवायला कुणी नको का?"

आता एकच राहिलं. सेटिंगमध्ये १९९८ ची आवृत्ती निवडली आहे, तरी मूनगेटवर (एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारं खेळातलं जादूचं दार) उभं राहिलं की ट्रॅमेलचं नाव यादीत येतंच. ते कुठून काढायचं, कुणी सांगेल का?