नव्या शिल्प निदेशकांना मार्गदर्शक कसा नेमावा? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर) व्यवसायासाठी एक नवे शिल्प निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिकासह व्यवसाय शिकवणारे प्रशिक्षक, रुजू झाले आहेत. सीआयटीएसचे (निदेशक घडवणाऱ्या शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेचे) एक वर्षाचे प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केले असून त्यांचा हातही उत्तम आहे. परंतु 20 प्रशिक्षणार्थ्यांची तुकडी कार्यशाळेत सांभाळताना, कानस धरण्याची प्रत्येकाची चूक वेळीच हेरणे आणि जॉबचे (प्रशिक्षणार्थ्याने बनवलेल्या सरावाच्या वस्तूचे) गुण कारणासह समजावणे त्यांना जड जाते. ज्येष्ठ निदेशकांनी त्यांचे तास पाहावेत, असे मला वाटते. मात्र त्याला तपासणीचे स्वरूप येऊ नये (आपल्याकडे ते लगेच येते). निरीक्षणानंतरची चर्चा आपण कशी घेता, नोंदी कोणाकडे ठेवता आणि ज्येष्ठांच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा कशी काढता, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर कळवावे.