मदत हवी आहे: नवऱ्याचा व्हिसा अकरा महिने सुरक्षा तपासणीत अडकलाय

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. लांबण लागणार आहे, आधीच माफ करा.

मी कोलंबस, ओहायोला असते. २०१९ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं. नवरा नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. फेब्रुवारी २०२२ मध्ये लग्न झालं आणि महिन्याभरात आय-१३० (जोडीदाराला बोलवायचा पहिला अर्ज) भरला. पुढे एनव्हीसी (मुलाखतीआधी कागदपत्रं तपासणारं अमेरिकन व्हिसा केंद्र), डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), पोलिस क्लिअरन्स (एक आपलं, आणि तो बरीच वर्षं दुबईला होता म्हणून एक तिथलं), हे सगळं रडतखडत पार पडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलाखत. दहा-पंधरा मिनिटांत संपली. लग्नाचा अल्बम मुद्दाम नेला होता, तो कुणी उघडलासुद्धा नाही. शेवटी पासपोर्ट आणि २२१(जी)चा, म्हणजे 'आत्ता व्हिसा देता येत नाही, तपासणी बाकी आहे' असा कागद हातात आला, आणि दोन दिवसांनी ईमेलवर डीएस-५५३५चे प्रश्न.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१७ पासून काही अर्जदारांना हे जादा प्रश्न विचारतात. मागच्या पंधरा वर्षांत कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, कोणकोणत्या देशांत गेलात आणि त्या प्रत्येक प्रवासाचा पैसा कुणी दिला. आजवरचे सगळे पासपोर्ट नंबर. भावंडांच्या जन्मतारखा. पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल आणि सोशल मीडियावरची नावं. नवरा दुबईच्या कंपनीतर्फे २०१३ ते २०१६ मध्ये इराकला, बसऱ्याला, नऊ-दहा वेळा साइटवर गेला होता. माशी तिथेच शिंकली असावी असा आमचा अंदाज, सांगितलं कुणीच नाही. ती कंपनी केव्हाच बंद पडली, त्यामुळे तारखा मागायच्या कुणाकडे? जुन्या पासपोर्टाची पानं कसर लागून गेलेली. शेवटी तारखा सापडल्या त्या सासऱ्यांच्या हिशोबाच्या वह्यांत! दूध, पेपर, इस्त्री यांच्या खाली 'आज बाळ बसऱ्यास पोचला, फोन आला' अशा ओळी. तीन रात्री बसून त्यांनी सगळ्या नोंदी काढून दिल्या. फॉर्म पाठवला, पोच आली. त्यानंतर आजतागायत काहीही नाही.

व्हिसाची स्थिती दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर 'रिफ्यूज्ड' (नाकारला) दिसतं. २२१(जी) लागलं की तपासणी चालू असली तरी हाच शब्द दिसतो, हे मला वाचून कळलं. पण सासऱ्यांनी एकदा त्याच्या खांद्यावरून तो शब्द वाचला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांना अजून पटलेलं नाही की याचा अर्थ 'नाही' असा नसतो. खरं सांगायचं तर रात्री अडीच वाजता मलाही पटत नाही.

चूक आमचीही झाली. नवऱ्याचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, म्हणून मुलाखतीच्या आधीच राजीनामा देऊन बसला. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, तिकीट काढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण आम्हाला वाटलं हे इतरांसाठी असेल. आता तो घरी बसून सुटी ड्रॉइंग्ज तपासायची कामं करतो. पुण्यातून एक बरी ऑफर आली आहे, ती घेत नाही, कारण 'चार महिन्यांत निघालो तर त्यांना काय तोंड दाखवू'. हे चार महिने गेल्या डिसेंबरपासून चालू आहेत. सासूबाईंनी त्याच्या बॅगेत भरलेलं मेतकूट मार्चमध्ये काढून खाल्लं, मेमध्ये नवं भरलं, गणपतीत तेही काढलं. गणपतीत येणारा प्रत्येक जण आरती झाली की प्रसादाआधी एकच विचारायचा, 'मग, कधी?' शेवटच्या दोन दिवसांत हा आरतीला खालीच आला नाही.

वकिलांनी आधी साठ दिवस म्हटलं होतं. मग १८० दिवस होईपर्यंत चौकशीच करू नका म्हणाले. ते झाल्यावर आमच्या भागातल्या अमेरिकन काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) सदस्याच्या कार्यालयातून पत्र पाठवलं. उत्तर आलं: प्रशासकीय प्रक्रिया चालू आहे. म्हणजे जे आम्ही त्यांना कळवलं होतं तेच त्यांनी आम्हाला कळवलं.

आता वकील मँडॅमसचा दावा (रखडलेला निर्णय द्या म्हणून सरकारवर कोर्टात) लावा म्हणताहेत. तो लावावा का? व्हिसासाठी केलेल्या मेडिकलची मुदत एप्रिलमध्ये संपली, ते आत्ताच पुन्हा करून ठेवावं का? आणि ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते हे, की हा माणूस हळूहळू बोलेनासा झालाय. रोज व्हिडिओ कॉल होतो. पहिली दोन मिनिटं 'साइट बघितलीस?', 'बघितली', आणि मग दोघंही आपापल्या भिंतीकडे बघत बसतो. यातून गेलेल्या कुणी सांगाल का, तुम्ही काय केलंत?

*

खिडकी नंबर चार:
ताई, मेडिकल मागितल्याशिवाय करू नका. ते साधारण सहा महिने चालतं आणि व्हिसाची मुदतही त्यालाच बांधलेली असते. आम्ही हौसेने दोनदा केलं, दोन्ही वाया गेली आणि पैसे गेले ते वेगळे. नवीन मेडिकल मागणारा ईमेल हीच बहुतेक वेळा पहिली चांगली खूण असते. पोलिस क्लिअरन्सच्या तारखा मात्र बघून ठेवा. तुमचा या वर्षीचा टॅक्स रिटर्न आय-८६४ (जोडीदाराच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) साठी पीडीएफ करून तयार ठेवा, मागितला तर त्याच दिवशी पाठवता येतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूची झाली आहे. लग्नाला दोन वर्षं उलटून गेली ना? मग तो आता सीआर-१ ऐवजी आयआर-१ व्हिसावर येईल. म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड नाही, थेट दहा वर्षांचं. कार्डावरची अट काढायच्या आय-७५१ अर्जाची भानगड वाचली. उशिराचा एवढाच काय तो फायदा, घेऊन टाका.

*

उगाच:
एवढा त्रास कशाला, तुम्हीच परत या की नाशिकला. द्राक्षं आहेत, हवा चांगली आहे.

*

मूळ लेखिका:
@खिडकी नंबर चार, आयआर-१चं डोक्यातच आलं नव्हतं! आज कॉलवर पहिल्यांदा सांगायला काहीतरी असेल.

@उगाच, विचार केलाय हो. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) आहे, येऊ शकते. पण माझी आई इथे माझ्याकडे असते, तिचं डायलिसिस चालू आहे. द्राक्षं पाठवा.

*

तळ्यात मळ्यात:
मँडॅमसबद्दल. आम्ही २०२२ मध्ये लावला होता, बायकोच्या केससाठी. आधी एक नीट समजून घ्या: हा दावा 'व्हिसा द्या' असा नसतो, 'काय तो निर्णय द्या' एवढाच असतो. निर्णय नकाराचाही येऊ शकतो. फेडरल जिल्हा न्यायालयाची फी ४०५ डॉलर, वकिलाची त्याच्या कितीतरी पट. सरकारला उत्तर द्यायला साठ दिवस मिळतात आणि ते बरेचदा मुदत वाढवून मागतात. आमच्या वेळी मुदतवाढ मागितली आणि त्याच दरम्यान मेडिकलचा ईमेल आला. दाव्यामुळे आला की येणारच होता, हे देवाला ठाऊक.

पण माझा अनुभव २०२२चा आहे आणि पाणी बरंच बदललंय. उशीर 'अवाजवी' आहे का हे न्यायाधीश १९८४च्या एका खटल्यातल्या सहा निकषांवर तपासतात, त्याला ट्रॅक फॅक्टर्स म्हणतात. त्यात तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हेही बघतात, म्हणून आईचं डायलिसिस, त्याची सुटलेली नोकरी, दोन घरांचा खर्च, सगळ्याचे कागद जमवा. मात्र जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने करीमोवा खटल्यात म्हटलं की २२१(जी)खाली दिलेला नकार हाच निर्णय झाला, त्यानंतर पुन्हा निर्णय द्यायला कुणी बांधील नाही. त्यामुळे डीसीत दावा लावणं आता अवघड झालंय. आणि त्याआधी जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मुन्योझ खटल्यात सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. तो खटला उशिराचा नव्हता, नकाराचा होता, पण वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

तुम्ही ओहायोत आहात, तिथेच दावा लावता येतो. वकिलाला सरळ विचारा: करीमोवानंतर तुम्ही किती दावे लावलेत, कुठल्या न्यायालयात, त्यांचं काय झालं? गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा वकील बघा.

*

आजोळ:
वरचं सगळं बायकांच्या आणि वकिलांच्या बाजूने आलंय. मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो. सांगलीत, सव्वीस महिने. माझी बायको टेक्सासला.

ताई, त्याला ती नोकरी घ्यायला लावा. उद्या. मीसुद्धा 'आता निघायचंच आहे' म्हणत दीड वर्ष घरी काढलं. सकाळी उठून साइट बघायची, 'लास्ट अपडेटेड'ची तारीख बदलली की दिवसभर गटावर त्याचा अर्थ लावत बसायचं. ती तारीख कशानेही बदलते. माझी चौदा वेळा बदलली, तेरा वेळा काहीच झालं नाही. मग मावसभावाच्या वर्कशॉपमध्ये बसायला लागलो, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मला कळलं की आपण वर्षभर आई-वडिलांच्या नजरेला नजर दिलेली नाही. नवीन कंपनीला खरं सांगा. मी सांगितलं होतं, ते म्हणाले 'जाशील तेव्हा महिनाभर आधी सांग'. व्हिसा मिळाल्यावर आत शिरायला काही महिने असतात, दुसऱ्या दिवशी विमान पकडायचं नसतं.

साइट बघायचं काम आम्ही बायकोकडे दिलं होतं, आठवड्यातून एकदा, रविवारी. मी पासवर्ड म्हणजे केस नंबरच फोनमधून काढून टाकला (पाठ होता, ही गोष्ट वेगळी). आणि कॉलवर व्हिसाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं. पहिले आठ दिवस काय बोलावं कळेना. मग ती तिकडे आणि मी इकडे एकाच वेळी स्वयंपाक करायला लागलो. माझी रात्रीची पिठलं-भाकरी, तिची सकाळची पोहे-कॉफी. माझी भाकरी फाटली की तिला फार आनंद व्हायचा.

बोलेनासा झालाय, असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तेवढं सहज घेऊ नका. झोप, जेवण कसं आहे बघा. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. मी केला होता फोन. समोरच्या मुलीला व्हिसातलं काही कळत नव्हतं आणि तेच बरं वाटलं, कारण दर वेळी 'मग, कधी?' न विचारता ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं.

*

मूळ लेखिका:
@आजोळ, तुमचा प्रतिसाद त्याला तसाच पाठवला. 'बघितला' एवढंच उत्तर आलं. मग अर्ध्या तासाने फोन आला आणि म्हणाला, भाकरी मला येत नाही, पोळ्या चालतील का.

दाव्याबद्दल: वकिलाला तळ्यात मळ्यात यांचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे पाठवले आहेत. उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही. तोवर सिनेटरच्या कार्यालयानेही चौकशी करावी म्हणून त्यांचा संमतीपत्राचा फॉर्म भरून ठेवते.

पुण्याच्या कंपनीशी तो सोमवारी बोलणार आहे. सासूबाईंना सांगितलंय की बॅग माळ्यावर टाका. एकच शंका राहिली: डीएस-२६० मध्ये तो बेरोजगार असं नाही, जुन्या कंपनीचं नाव आहे. नोकरी बदलली तर कळवायचं की विचारतील तेव्हा सांगायचं?

*

खिडकी नंबर चार:
कळवा. दोन ओळींचा ईमेल, विषयात केस नंबर, नवीन कंपनीचं नाव, पत्ता आणि रुजू झाल्याची तारीख. राजीनाम्याची तारीखही त्यातच टाका. उत्तराची वाट बघू नका, पाठवलेल्याची प्रत मात्र जपून ठेवा. आणि सासऱ्यांना म्हणावं, वहीतही लिहा.