कोठडीतील छळाविरुद्ध प्रार्थनामंडळाने नेमके काय करावे?

प्रश्न

नमस्कार. कोठडीतील छळ आणि कैद्यांना मिळणारी अमानुष वागणूक यांविरुद्ध उघड भूमिका घ्यावी, असा प्रस्ताव आमच्या प्रार्थनामंडळाच्या कार्यकारिणीपुढे आला आहे. काही सभासदांचा त्याला मनापासून पाठिंबा आहे. काहींना मात्र हा राजकारणाचा विषय वाटतो, आणि जे सभासद पोलीस किंवा तुरुंग खात्यात नोकरीला आहेत, त्यांना आपल्याकडे बोट दाखवले जाईल अशी धास्ती आहे. निषेधाचा ठराव एका बैठकीत मंजूर होईलही. पण त्यामुळे आत मार खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

ठरावाविषयीची आपली शंका रास्त आहे. ज्या धर्मसंस्थांचा या कामी खरोखर उपयोग झाला, त्यांनी लोकांचा आपल्यावरील विश्वास पणाला लावला आणि पुरावा जपला. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना, ऑक्टोबर १९७५ मध्ये, व्लादिमीर हेर्झोग हे पत्रकार साओ पाउलो येथील लष्कराच्या कोठडीत मरण पावले आणि त्यांनी आत्महत्या केल्याचे अधिकाऱ्यांनी जाहीर केले. हेर्झोग ज्यू होते, आणि आत्महत्या केलेल्यांचे दफन दफनभूमीत वेगळ्या जागी करण्याची ज्यू परंपरा आहे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) हेन्री सोबेल यांनी त्यांचे दफन त्या जागी करण्यास नकार दिला. सरकारी खुलासा खोटा आहे, हे त्या एका नकाराने जाहीर झाले. पुढे काही दिवसांतच साओ पाउलोचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल आर्न्स, रब्बी सोबेल आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जाइमे राइट यांनी शहराच्या मुख्य कॅथेड्रलमध्ये एकत्र प्रार्थना घेतली आणि तेथे हजारो लोक जमले.

याहून मोलाचे काम मात्र गाजावाजा न करता झाले. लष्करी न्यायालयांत आरोपींनी आपल्या छळाची हकीकत सांगितली होती आणि खुद्द न्यायालयाच्या कारकुनांनी ती जबानीत नोंदवून ठेवली होती. वकिलांना हे खटल्यांचे कागद अभ्यासासाठी बाहेर नेता येत असत. आर्न्स आणि राइट यांच्या पाठबळाने काम करणाऱ्या गटाने या सवलतीचा आधार घेऊन सुमारे दहा लाख पानांच्या प्रती काढल्या आणि सुरक्षिततेसाठी त्या परदेशीही पाठवल्या. १९८५ साली त्यांचा सारांश पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा राज्यकर्त्यांना तो नाकारणे अवघड गेले, कारण साक्ष त्यांच्याच दप्तरातली होती. आपल्या मंडळात निवृत्त कारकून, टंकलेखक, ग्रंथपाल असतीलच. कागद नीट लावणे, तारखा जुळवणे आणि प्रती सुरक्षित ठेवणे यासाठी वक्तृत्व लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती आपल्या सभासदांपाशी असेल.

दुसरे उत्तर

मी कैद्यांच्या खटल्यांत वकिली करते, म्हणून व्यवहाराची बाजू मांडते. कैद्यांच्या वागणुकीविषयीचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली सुधारून घेतले. त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव आहे. त्यांतील ६५ वा नियम आपण अवश्य वाचावा. धर्माच्या पात्र प्रतिनिधीला योग्य वेळी आपल्या धर्माच्या कैद्यांना एकांतात भेटता यावे आणि कोणत्याही कैद्याला अशी भेट नाकारली जाऊ नये, असे तो सांगतो. जेथे बाहेरच्या माणसाला सहसा शिरकाव नसतो, तेथे धर्मगुरूला जाता येते. छळ झाकून राहतो तो पाहणारे कोणी नसते म्हणून. ठरलेल्या दिवशी न चुकता भेटीला येणारा माणूस ही आतल्या कैद्याला मिळणारी पहिली ढाल असते.

या भेटींची काही पथ्ये आहेत. कैद्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून कोणालाही सांगू नये, कारण त्याची किंमत त्यालाच त्याच रात्री मोजावी लागू शकते. जखमांवर निष्कर्ष काढू नये; त्या कोठे आहेत, कोणत्या रंगाच्या आहेत, केवढ्या आहेत आणि तो त्यांविषयी स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, एवढेच भेटीनंतर लगेच, तारीख आणि वेळ घालून लिहावे. डॉक्टरांनी अशी तपासणी कशी करावी याची इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. मंडळातील डॉक्टरांनी ती अभ्यासावी. आणि सुटून आलेल्या व्यक्तीला प्रार्थनेनंतर व्यासपीठावर उभे करून अनुभव सांगायला लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या व्यक्तीला आधी उपचार, काम आणि निवारा हवा असतो. बोलायचे की नाही, हे तिने ठरवावे.

तिसरे उत्तर

एक अप्रिय गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. धर्मनिष्ठ माणसांचा हेतू शुद्ध असला म्हणजे त्यांच्या हातून छळ घडणार नाही, असे नाही. फिलाडेल्फिया येथे १८२९ साली सुरू झालेल्या तुरुंगात कैद्याला एकट्याला ठेवले जाई. कोठडीतून बाहेर नेताना त्याचा चेहरा झाकला जाई. एकांतात त्याला पश्चात्ताप होईल, या कल्पनेमागे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सुधारकांची श्रद्धा होती. आज मंडेला नियम सलग १५ दिवसांहून अधिक काळच्या एकांत कोठडीला मनाई करतात. म्हणून मंडळाने कैद्याच्या ‘सुधारणे’चे बोलण्याआधी त्याला काय सोसावे लागते ते विचारावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा आभारी आहे. भेटी आणि नोंदी यांपासून सुरुवात करण्याची सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीन. पण खात्यात नोकरी करणाऱ्या सभासदांशी कसे बोलावे, हे अजून उमगलेले नाही.

दुसऱ्या उत्तराच्या लेखिकेकडून

त्यांना वगळून पुढे जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचे दुसरे कलम दोन गोष्टी स्पष्ट करते: युद्ध असो वा आणीबाणी, कोणत्याही परिस्थितीत छळाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि वरिष्ठांचा हुकूम होता ही सबबही चालत नाही. ज्या शिपायाला बेकायदा हुकूम मिळतो, त्याला नकार देण्यासाठी कायद्याचा हा आधार ठाऊक असायला हवा, आणि नकार दिल्यावर बदली किंवा निलंबन वाट्याला आले तर आपले मंडळ त्याच्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहील, ही खात्रीही हवी. कार्यकारिणीने तशी मदत आधीच मंजूर करून ठेवावी आणि मगच त्या सभासदांना बैठकीला बोलवावे.