मदत हवी आहे: डेंग्यूच्या भाच्याचं सलाईन आयसीयूत बंद केलं, हे बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

भाचा २६ वर्षांचा, वजन ६० किलो. एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. परवा, पाचव्या दिवशी, ताप उतरला म्हणून ताईने हौसेने खिचडी टाकली. संध्याकाळी उलट्या, पोटात दुखणं, हातपाय गार. बीपी ९६/७८, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४१ वरून ५०. आयसीयूत घेतलं. पहिल्या तासात आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ६०० मिली, मग तासाला ४००, मग २५०, असं उतरवत काल रात्री ४० आणि आज सकाळी बंदच!

प्लेटलेट्स २२ हजार आहेत. चेहरा सुजलाय, सोनोग्राफीत छातीत आणि पोटात पाणी दिसतंय. डॉक्टर म्हणाले, "आता पाणी नको," आणि पुढच्या बेडकडे गेले. पाणी भरणारच होतं तर एवढं दिलं कशाला? ताई रडतेय, तिला वाटतंय आशा सोडली म्हणून सुई काढली. शिवाय साधं एनएस (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) न लावता आरएल का, हाही प्रश्न आहे. कुणी जाणकार सांगेल का?

प्रतिसाद १
पपईच्या पानांचा रस द्या, आमच्याकडे प्लेटलेट्स दोन दिवसांत वाढल्या.

प्रतिसाद २
आयसीयूत काम करतो, म्हणून लिहितो. पेशंट न पाहता लिहितोय हे लक्षात ठेवा. रस वगैरे आत्ता नको.

डेंग्यूत ताप उतरतो तीच खरी धोक्याची वेळ. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी छाती-पोटात जातं आणि मागे राहिलेलं रक्त दाट होतं. पीसीव्ही ४१ चं ५० झालं ते यामुळे. बीपीच्या दोन आकड्यांत १८ चंच अंतर होतं, म्हणजे शॉकची (रक्तपुरवठा कोसळण्याची) सुरुवात. तेव्हा भराभर पाणी दिलं नसतं तर मूत्रपिंडं, मेंदू सगळंच उपाशी राहिलं असतं. त्यातलं काही पाझरणार हे माहीत असूनही द्यावं लागतं.

पण हा पाझर २४ ते ४८ तास टिकतो. नंतर बाहेर गेलेलं पाणी आपणहून रक्तात परत येतं. त्यात वरून बाटली चालू ठेवली तर फुप्फुसात पाणी होऊन व्हेंटिलेटरची वेळ येते. म्हणून बंद करणं हाही उपचारच आहे. प्लेटलेट्सवरून सलाईन ठरत नाही, आणि रक्तस्राव नसेल तर २२ हजारांना प्लेटलेट्सच्या पिशव्याही सहसा लावत नाहीत.

एनएसमध्ये क्लोराइड (मिठातला एक घटक) लिटरला १५४ मिलीमोल असतं, रक्तात साधारण १००, आरएलमध्ये ११०च्या आसपास. खूप एनएस दिलं की रक्तात आम्ल वाढतं. २०१८च्या अमेरिकेतल्या 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात, पंधरा हजारांवर आयसीयू पेशंटांत, आरएलसारख्या द्रावणांचा थोडा फायदा दिसला. २०२१च्या ब्राझीलमधल्या आणि २०२२च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मोठ्या अभ्यासांत मृत्यूदरात ठोस फरक दिसला नाही. तेव्हा बाटलीच्या नावावरून भांडू नका.

आजचं पीसीव्ही किती? लघवी किती? ऑक्सिजन लागतोय का? पीसीव्ही उतरलं आणि नाडी, लघवी छान असेल तर पाणी परततंय. पीसीव्ही उतरलं पण नाडी धावतेय, बीपी पडतंय, तर आत रक्तस्राव तर नाही ना, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

धागाकर्ता
सिस्टरना विचारून आलो. पीसीव्ही ३९, बीपी ११६/७४, नाडी ७८. रात्रीपासून लघवी दोन लिटरच्या वर. ऑक्सिजन नळीने मिनिटाला दोन लिटर.

प्रतिसाद २
मग पाणी परत येतंय. सूज उतरायला काही दिवस लागतील. धाप वाढली तर सिस्टरना सांगा, सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका.

धागाकर्ता
ताईला सांगितलं. ती विचारतेय, शहाळं चालेल का?

प्रतिसाद २
डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि किती प्यायला ते सिस्टरच्या चार्टात लिहायला लावा. नातेवाईक चोरून पाजतात आणि मग आमचा हिशेब चुकतो.