मदत हवी आहे: निरोगी माणसांच्या लघवीतही यूसीए१ दिसतोय, काय करू?

मूत्रशोधक: मूत्राशयाच्या कर्करोगावर पीएचडी चालू आहे. लघवीतल्या पेशींमधून यूसीए१ हा लाँग नॉन-कोडिंग आरएनए (प्रथिन न बनवणारा लांब आरएनए) क्यूपीसीआरने (प्रती वाढवत मोजायच्या तंत्राने) मोजतेय. रुग्णांचा सीटी (सिग्नल दिसेपर्यंतच्या फेऱ्या; आकडा कमी म्हणजे प्रमाण जास्त) 28-29, निरोगींचाही 30! पेपरांत तर निरोगी मूत्राशयात तो जवळजवळ नसतो. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. लवकर सांगा.

पिपेटवाला: सॅम्पल किती वेळ बाहेर होतं? तुलनेसाठी रेफरन्स जीन कोणता? डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) केलं का? काहीच लिहिलं नाहीये.

सूक्ष्मजीव: पेशी सोडा, एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) काढा. आम्ही मिर-२१ हा मायक्रोआरएनए (अगदी छोटा आरएनए) तसाच मोजतो, आरएनए शाबूत मिळतो.

पिपेटवाला: एक्सोसोमचा इथे काय संबंध? आधी तिचं उत्तर येऊ दे.

मूत्रशोधक: सॅम्पल लगेच बर्फात. रेफरन्स जीएपीडीएच. डीएनेज नाही, सर म्हणतात किटमध्ये ते ऐच्छिक आहे. नो-आरटी (आरएनएचं डीएनएत रूपांतर न केलेला कंट्रोल) 31 ला उठतो, त्यावर सर म्हणाले प्रायमर डायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रायमर, एकमेकांना चिकटून) असेल.

कोकणकडा: माझ्या बाबांचं टीयूआरबीटी (मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढणं) झालंय. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालतात, फार त्रास होतो. या तपासणीने ते टळेल का?

सूक्ष्मजीव: जीएपीडीएच कशाला, यू६ घे.

पिपेटवाला: यू६ मायक्रोआरएनएसाठी वापरतात, इथे नको. मेल्ट कर्व्ह (तयार झालेला तुकडा किती तापमानाला वितळतो त्याचा आलेख) कसा आहे? दोन्ही प्रायमर एकाच एक्सॉनमध्ये (जीनचा आरएनएत टिकणारा भाग) आहेत का?

मूत्रशोधक: एकच पीक, नो-आरटीतही त्याच तापमानाला. हो, एकाच एक्सॉनमध्ये.

पिपेटवाला: तापमान तेच, म्हणजे तुकडाही तोच. मग डायमर नाही, जीनोमिक डीएनए (पेशींमधला मूळ डीएनए) मोजतेयस. रुग्णांच्या लघवीत रक्त असतं, म्हणजे पांढऱ्या पेशी जास्त, डीएनए जास्त. त्यामुळे 28 आणि 30 मधला फरकही धरू नकोस. डीएनेज कर, प्रायमर एक्सॉनच्या सांध्यावर बसव (जीनोमिक डीएनएत तो सांधा नसतो), यूसीए१ला तीन एक्सॉन आहेत. जीएपीडीएचला मात्र सांधा पुरत नाही, त्याचे स्यूडोजीन (डीएनएतल्याच, सांधे जुळलेल्या बिनकामी प्रती) ढीगभर आहेत. तिथे डीएनेज लागणारच.

तंबाखूमुक्त: कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. मूत्राशयाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांमागे धूम्रपान असतं. घरच्यांची विडी आधी सोडवा.

पिपेटवाला: @कोकणकडा, प्रोस्टेटसाठी पीसीए३ या लाँग नॉन-कोडिंग आरएनएची लघवीची चाचणी अमेरिकेत 2012 ला मंजूर झाली. यूसीए१ अजून संशोधनातच आहे. बाबांची दुर्बीण चुकवू नका, हा कर्करोग पुन्हा पुन्हा उलटतो. त्रासाबद्दल डॉक्टरांशी बोला, भुलीचं जेल वापरतात.

मूत्रशोधक: उरलेल्या आरएनएवर आजच डीएनेज लावते. सरांना नो-आरटीचा आणि यूसीए१चा मेल्ट कर्व्ह शेजारी ठेवून दाखवते. निकाल इथेच टाकेन.