मदत हवी आहे: गिनीपिगच्या पिंजऱ्यात पावसाळ्यात काय अंथरायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, घरी दोन गिनीपिग आहेत, दोघी माद्या. सध्या खाली टॉवेल आणि वर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं सिंथेटिक कापड) असं अंथरतोय, फ्लीस सॉफ्टनर न घालता तीन-चारदा धुतलं की लघवी खाली झिरपते आणि वरचा भाग कोरडा राहतो, उन्हाळ्यात हे मस्त चाललं. पण आता पावसात धुतलेलं वाळतच नाही हो! लेंड्या रोज सकाळ-संध्याकाळ झाडते तरी दुसऱ्या दिवशी अमोनियाचा वास येतोच, आणि ह्यांची फुप्फुसं फार नाजूक, शिवाय ओल्यावर बसून पायाचे तळवे सोलवटतात त्याची जास्त काळजी वाटते.

शेजारच्या काकू म्हणतात सुताराकडून भुसा आणा, फुकट मिळेल. पण त्यात बारीक धूळ असते, प्लायवूडचा डिंक असतो, ते मला अजिबात नको. देवदार आणि कच्चं पाइनही नको, त्या वासाने श्वासाला त्रास होतो. भट्टीत वाळवलेलं पाइन किंवा अ‍ॅस्पेनचे छिलके चालतात, ते बडोद्यात कुठे सुटे मिळतात का? कागदाच्या बेडिंगवर दमट हवेत बुरशी धरते का? कोणी खाली लाकडाच्या पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) आणि वर फ्लीस असं करून बघितलंय का, पूर्ण बदलायला किती दिवसांनी लागतं? आणि गवत वेगळ्या ट्रेमध्ये ठेवलं तर ते कोरडं राहतं का, कारण दोघी खातात तिथेच घाण करतात. प्लीज स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा.